सुपरमॅनचा सातबारा

आमच्या सेवा केंद्रासमोर एक लाकडी बाकडं आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला घ्यायला येणाऱ्यांना टेकता यावं म्हणून मी ते ठेवलं. संध्याकाळी मात्र त्यावर चार-पाच पोरं बसलेली असतात, कारण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या या गावात नेट धड चालतं ते त्या बाकड्यापुरतंच. परवा लाइन गेली, नेट बंद पडलं, तरी पोरं उठेनात. भांडण रंगात आलं होतं.

"अबे, हल्क जितका चिडते तितकी त्याची ताकद वाढते. सुपरमॅन त्याले हाणते, तो आणखी चिडते. मंग हरन कसा?"

"सुपरमॅन अख्खी पृथ्वी ढकलते बे. हल्कले चिडाले येळ तरी भेटन का?"

मग दोघंही माझ्याकडं वळले. "काका, तुमीच सांगा." मी रद्दीतली इंद्रजाल कॉमिक्स वाचून वाढलेला माणूस, हे त्यांना ठाऊक आहे. मी विचारलं, "सुपरमॅन कोणत्या सालचा?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. माझ्या धंद्यात हा प्रश्न मी दिवसातून दहादा विचारतो. दोन भाऊ वावराच्या धुऱ्यावरून भांडत येतात, दोघांच्या हातात कागद असतो आणि दोन्ही कागद खरे असतात. एकाचा जुना, दुसऱ्याचा नवा, एवढंच. कॉमिक्सच्या चाहत्यांची निम्मी भांडणं याच जातीची आहेत, हे मला फार उशिरा कळलं. लाइन येईपर्यंत वेळ होता, म्हणून पोरांना जे सांगितलं तेच इथं जरा नीट मांडतो.

सुपरमॅन पहिल्यांदा छापून आला जून १९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'मध्ये. जेरी सीगल यानं लिहिला, जो शूस्टर यानं काढला. हा पहिला सुपरमॅन उडत नव्हता. उडी मारायचा. एका उडीत मैलाचा आठवा भाग, म्हणजे साधारण २०० मीटर. वीस मजली इमारत ओलांडायचा. त्याच्या कातडीला बंदुकीची गोळी लागत नसे, पण तोफगोळा फुटला तर काही सांगता येत नव्हतं. म्हणजे आजच्या मानानं बराच गरीब माणूस. एवढी ताकद आली कुठून, याचं उत्तरही पहिल्याच अंकात होतं: मुंगी स्वतःच्या कितीतरी पट वजन उचलते, नाकतोडा स्वतःच्या मानानं केवढी उडी मारतो, तसंच हे.

हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण हिशेबात बसत नाही. मुंगीची लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर तिच्या पायांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे ताकद, चौपट होते. वजन मात्र आठपट होतं. दहापट केली तर ताकद शंभरपट आणि वजन हजारपट. बैलाएवढी मुंगी ओझं उचलणं सोडा, स्वतःच्या पायांवर उभी राहणार नाही. पण १९३८ साली हे वाचणाऱ्या पोरांना त्याची फिकीर नव्हती, आणि मलाही लहानपणी नव्हती.

उडणं आलं ते मुख्यतः पडद्यावरून. १९४१ साली त्याची कार्टून फिल्म निघाली. चित्र हलायला लागल्यावर सारखं बेडकासारखं उड्या मारणं विचित्र दिसायला लागलं, म्हणून त्याला उडता केला. ज्या हिरव्या दगडापुढं तो लुळा पडतो तो क्रिप्टोनाइटसुद्धा कॉमिकमध्ये जन्मलेला नाही. तो १९४३ साली रेडिओवरच्या मालिकेत आला आणि कॉमिकच्या पानावर यायला १९४९ उजाडलं. यात आपण नाक मुरडावं असं काही नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकी रामायणात नाही. ती मागून आली, आणि आता ती नसलेलं सीताहरण आपल्याला सीताहरण वाटतच नाही.

पिवळ्या सूर्याच्या उजेडामुळं त्याला शक्ती मिळते, हे तर १९६०च्या सुमारास ठरलं. तोवर तो ग्रह ढकलायला लागला होता. याचं कारण साधं आहे. अंक दर महिन्याला निघतो, नायक तोच राहतो, मग शत्रू दर महिन्याला मोठा करावा लागतो. शत्रू मोठा झाला की नायकाला आणखी ताकद द्यावी लागते. शेवटी अशी पाळी येते की याला हरवू शकेल असं काही उरतच नाही, आणि ज्याला कोणी हरवू शकत नाही त्याची गोष्ट सांगायची काय? म्हणून १९८६ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकारानं सुपरमॅन पुन्हा पहिल्यापासून लिहिला आणि ताकद बरीच छाटली. तेव्हा "सुपरमॅन किती ताकदवान?" हा प्रश्न "एकरी कापूस किती होते?" यासारखाच आहे. ज्या साली जसं पाणी.

आता मूळ मुद्द्याकडं येतो. आधीच्या अंकांत जे घडलं ते पुढच्या अंकांतही घडलेलं धरायचं, या बंधनाला कंटिन्युइटी म्हणतात. आणि कोणतं घडलेलं खरं धरायचं, कोणतं नाही, या मान्यतेला कॅनन. सुरुवातीला हे बंधन कुणी पाळत नव्हतं. वाचक लहान, अंक वाचून फेकून द्यायचे. बॅटमॅन १९३९ साली आला तेव्हा त्याच्या हातात कधीमधी पिस्तूल असे आणि त्याच्या हातून माणसंही मरत. १९४० मध्ये संपादकांनी ते बंद करवलं. 'बॅटमॅन कधीच जीव घेत नाही' यावर आज पोरं शपथा घेतात, पण ही नोंदही मागाहून चढलेली आहे.

१९६१ पासून मार्व्हल या कंपनीनं चित्र बदललं. त्यांचे सगळे नायक एकाच न्यूयॉर्कमध्ये राहायचे, एकमेकांच्या रस्त्यात यायचे, मागच्या महिन्यातलं भांडण या महिन्यात आठवायचे. वाचकही वयानं वाढले, अंक जपून ठेवायला लागले आणि चुका पकडून पत्रं लिहायला लागले.

चुका तर होत्याच. हल्क १९६२ साली आला तो करड्या रंगाचा. तो करडा रंग छपाईत धड उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा. (पुढं कितीतरी वर्षांनी या करड्या हल्कलाही गोष्टीत वेगळी जागा देण्यात आली. काहीच वाया जात नाही.) त्याच्या माणूसरूपाचं नाव ब्रूस बॅनर, पण मार्व्हलचा लेखक स्टॅन ली एकाच वेळी इतकी पुस्तकं लिहीत होता की १९६४च्या एका अंकात त्यानं बॉब बॅनर लिहून टाकलं. वाचकांनी धरलं. आपल्याकडं सातबाऱ्यावर 'विठ्ठल'चा 'विठोबा' झाला तर हस्तदोष म्हणून कलम १५५ खाली अर्ज करावा लागतो, तहसीलच्या चकरा होतात. स्टॅन लीनं एका वाक्यात निकाल लावला: त्याचं पूर्ण नावच रॉबर्ट ब्रूस बॅनर आहे! बॉब हे रॉबर्टचंच लाडाचं रूप. तेव्हापासून तेच अधिकृत नाव.

मार्व्हलनं यापुढं कमालच केली. जो वाचक चूक दाखवून 'ही चूक नाहीच, हे असं असं असणार' असं पटणारं कारण लिहून पाठवेल त्याला बक्षीस. बक्षिसाचं नाव 'नो-प्राइझ', आणि घरी यायचा तो रिकामा लिफाफा. पोरांना हे सांगितलं तेव्हा एक म्हणाला, "म्हंजे लोकाइकडून फुकटात काम करून घेतलं." त्याचं अगदीच चूक नाही.

डीसी या दुसऱ्या कंपनीनं वेगळा मार्ग काढला. त्यांचा फ्लॅश, म्हणजे वाऱ्यासारखा पळणारा नायक, १९४०चा. जे गॅरिक नावाचा. पुढं तो बंद पडला आणि १९५६ साली नवा फ्लॅश आला, बॅरी ॲलन. हा बॅरी लहानपणी जे गॅरिकची कॉमिक्स वाचायचा, असंच दाखवलं होतं. म्हणजे जुना फ्लॅश खोटा, पुस्तकातला. मग १९६१ साली लेखक गार्डनर फॉक्स यानं दोघांची गाठ घालून दिली. जे गॅरिक दुसऱ्या एका पृथ्वीवर खरोखर आहे, असं निघालं! तिथून अनेक पृथ्व्यांची लागण सुरू झाली. १९३८चा सुपरमॅन पृथ्वी-दोनवर, केस पिकलेला, त्याची प्रेयसी लोइस हिच्याशी लग्न झालेला, नवा पृथ्वी-एकवर. विसंगती सापडली की नवी पृथ्वी. मल्टिव्हर्स म्हणतात ते हेच.

आपल्याला हे परकं वाटायला नको. चिखलदऱ्याला गेलात तर भीमानं कीचकाला मारून फेकलं ती दरी दाखवतात, कीचकदऱ्यावरूनच गावाचं नाव पडलं म्हणतात. म्हणजे विराटनगरी आपल्या मेळघाटाजवळ. पण वाईचे लोक सांगतात विराटनगरी आमची, आणि राजस्थानातल्या बैराटचं तर नावच विराटनगर आहे. वर्धा जिल्ह्यातलं केळझर म्हणजे एकचक्रानगरी, बकासुर मेला तो इथंच; तिकडं बंगालात बीरभूमलाही एक एकचक्रा आहे. कीचक तीन ठिकाणी मेला आणि बकासुर निदान दोन, तरी भीमाच्या भक्तांत त्यावरून मारामारी झाल्याचं मी ऐकलं नाही. आपण न बोलता पृथ्वी-एक, पृथ्वी-दोन मान्य करून टाकल्यात.

कंपनीला मात्र ते झेपेना. नव्या वाचकाला कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून १९८५ साली डीसीनं बारा अंकांची एक मालिका काढून सगळ्या पृथ्व्या गुंडाळल्या आणि एक केली. मार्व वुल्फमन लेखक, जॉर्ज पेरेझ चित्रकार. हे मला अगदी जमिनीच्या एकत्रीकरणासारखं वाटतं. विखुरलेले तुकडे एकत्र आले, सर्व्हे नंबर गेले, गट नंबर आले. कागदावर छान. पण ज्याचा तुकडा गेला तो कुठं जाणार? पॉवर गर्ल नावाची नायिका पृथ्वी-दोनच्या सुपरमॅनची चुलत बहीण होती. ती पृथ्वीच उरली नाही, ही मात्र उरली. मग तिला अटलांटिसच्या एका जादूगाराची वंशज करून टाकलं. वीसेक वर्षांनी पुन्हा मूळ नातं परत केलं. पुढं १९९४, २००५, २०११, २०१६, दर काही वर्षांनी नवी मोजणी. याला रीबूट म्हणतात. २०११ मध्ये तर एकदम ५२ मालिका अंक एकपासून सुरू केल्या. आमच्याकडंही मोजणी झाली की धुऱ्याचं भांडण मिटत नाही, फक्त नव्या नकाशावर सुरू होतं.

रीबूटपेक्षा बारीक आणि जास्त चिडवणारी गोष्ट म्हणजे रेटकॉन. याला मराठीत तयार शब्द आहे, फेरफार. आज लिहायचं, पण लागू करायचं मागच्या तारखेपासून. जुना अंक जाळायचा नाही, त्यातलं चित्रही खोटं म्हणायचं नाही, फक्त त्याचा अर्थ बदलायचा. सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाहीत, त्याला कंस करतात. (कंस हा शब्द इथं ज्यानं आणला तो कॉमिक्सचा वाचक असावा.)

कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मेला, हे १९६४ पासून सगळे धरून होते. मरून परत न येणारं ते एक पक्कं नाव होतं. २००५ साली एड ब्रुबेकर या लेखकानं फेरफार टाकला: मेला नव्हता, रशियनांच्या हाती लागला, थंडीत गोठवून ठेवला, अधूनमधून उठवून त्याच्याकडून खून करवून घेतले. हा फेरफार लोकांनी डोक्यावर घेतला, कारण त्यातून कॅप्टनच्या मनातलं जुनं दुखणं आणखी खोल झालं. उलट उदाहरण जेसन टॉडचं. हा दुसरा रॉबिन, म्हणजे बॅटमॅनचा पोरगेला जोडीदार. वाचकांना तो आवडत नव्हता, म्हणून १९८८ साली कंपनीनं फोनवरून मतदानच घेतलं, मारायचा की ठेवायचा. एका फोनला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, ठेवा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ मतांचा! आमच्या ग्रामपंचायतीत एवढ्या फरकानं निवडून आलेला माणूस मिरवणूक काढतो. जेसन मेला. २००५ मध्ये परत आला. कारण काय? दुसऱ्या विश्वातल्या एका सुपरबॉयनं वास्तवाच्या भिंतीवर ठोसे मारले, त्या हादऱ्यानं काही घडलेल्या गोष्टी बदलल्या. हे कारण सांगितल्यावर बाकड्यावरची पोरं इतकी हसली की पानठेल्यावरचे लोक बघायला आले.

वयाचा घोळ यातच येतो. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडरमॅन, १९६२ साली शाळेत होता. खरं पंचांग लावलं तर आज आजोबा. म्हणून मार्व्हलमध्ये काळ सरकता ठेवलाय: सगळं कायम गेल्या काही वर्षांत घडलेलं. टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, १९६३ला व्हिएतनाममध्ये जखमी झाला. पुढं ती जागा अफगाणिस्तानानं घेतली. २०१९ मध्ये सियानकाँग नावाचं एक काल्पनिक युद्धच तयार केलं, की आता पुन्हा बदलायला नको. पण मॅग्नेटो या खलनायकाचं असं करता येत नाही. तो ऑशविट्झ या नाझींच्या मृत्युछावणीतून वाचलेला आहे, आणि ऑशविट्झ सरकवता येत नाही. त्याचं म्हातारपण टाळायला मग दुसऱ्याच क्लृप्त्या कराव्या लागतात.

या सगळ्यात ज्याचं दप्तर चोख, तो इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. इंद्रजाल १९६४ साली सुरू झालं, १९९०ला बंद पडलं, त्या मधल्या काळात विदर्भातल्या एसटी स्टँडांवर वेताळ ठाऊक नाही असं पोरगं विरळाच असेल. ली फॉकनं त्याला १९३६ मध्ये जन्म दिला, आणि ताकदीचा प्रश्नच निकालात काढला: याच्याकडं शक्ती नाही, वारसा आहे. १५३६ पासून बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो. जंगलातल्या लोकांना वाटतं एकच माणूस चारशे वर्षं जिवंत आहे. सध्याचा एकविसावा. प्रत्येक पिढीला रीतसर वारस नोंद! २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली, मयत खातेदारांची नावं कमी करून वारसांची लावायला. तीही आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सुरू झाली. वेताळाच्या घराण्याला त्या मोहिमेची गरज पडली नसती. अर्थात बारकाईनं पाहिलं तर त्याचंही जंगल सुरुवातीला आशियात होतं आणि नंतर आफ्रिकेत गेलं. सर्व्हे नंबर हलला म्हणायचं.

ताकदीवरून पोरं भांडतात ती गंमत म्हणून. हेतूवरून भांडतात तेव्हा आवाज बदलतो, आणि माझ्या मते खरं कॉमिक तिथं आहे. मॅग्नेटो १९६३ला आला तेव्हा नुसता जग जिंकायला निघालेला खलनायक होता. १९८१ साली ख्रिस क्लेअरमाँटनं त्याच्या मागं ऑशविट्झचं बालपण ठेवलं. त्याचं एकही जुनं कृत्य बदललं नाही, पण ती सगळी कृत्यं वेगळी दिसायला लागली. म्युटंट, म्हणजे त्याच्यासारख्या जन्मतःच वेगळी शक्ती असलेल्या लोकांना एक दिवस वेचून मारतील, ही त्याची भीती वेडेपणाची राहिली नाही. तो बरोबर आहे का? मी पोरांना विचारलं. मघाशी हल्क-हल्क ओरडणारा गप्प बसला आणि जो कधी बोलत नाही तो म्हणाला, "ज्याच्यावर बेतली त्याले भेव राहीनच ना." मग अर्धा तास तोच विषय.

उलट २०१६ साली कॅप्टन अमेरिका आधीपासूनच हायड्रा या नाझींशी नातं असलेल्या संघटनेचा माणूस होता असं दाखवलं, तेव्हा वाचक खवळले. तसा खुलासा पुढच्याच अंकात होता: एका जादुई वस्तूनं त्याचा भूतकाळ बदलला होता. पुढच्या वर्षी खरा कॅप्टन परतही आला. पण राग गेला नाही. १९४१च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारणारा हा माणूस, दोन ज्यू तरुणांनी, जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी, घडवलेला. त्याला उडता केला असता तर कुणी एवढं बोललं नसतं. ताकद म्हणजे पीक, कमीजास्त होतं. हेतू म्हणजे जमीन.

कधी दोन्ही भांडणं एकाच चौकटीत येतात. १९७३ साली पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते, स्पायडरमॅन जाळं टाकून तिला धरतो, वर ओढतो, ती मेलेली असते. चित्रात तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत 'स्नॅप' लिहिलंय, म्हणजे मोडल्याचा आवाज. विहिरीत बादली सोडताना दोर हातातून सुटून मग एकदम ताणला तर कडी तुटते, बादली आपटण्याआधीच. पडण्यानं नाही, एकदम थांबण्यानं. संपादकांनीही पुढं पत्रांच्या पानावर तेच मान्य केलं. म्हणजे ती वाचवण्यानं मेली. याचं गणित मांडता येतं, पण पीटरच्या मनात पुढं जे चालतं ते गणितापलीकडचं आहे.

हे सगळे फेरफार मंजूर कोण करतं? ज्याच्या नावावर जमीन आहे ती कंपनी. सीगल आणि शूस्टरनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले होते. त्यांचं नाव पुन्हा छापायला आणि थोडी पेन्शन द्यायला १९७५ उजाडलं. बॅटमॅन घडवणाऱ्या बिल फिंगरचं नाव तर २०१५ मध्ये लागलं, तो मेल्यावर चार दशकांनी. लेखक-चित्रकार मक्त्यानं वावर करणारे. कूळकायदा तिकडं पोचलेला नाही.

"ते जाऊ द्या काका," हल्कवाला म्हणाला, "पण जिंकन कोण?"

याचं उत्तर छापील आहे. १९९६ साली डीसी आणि मार्व्हलनं मिळून लढती लावल्या होत्या, त्यातल्या पाच वाचकांच्या मतांवर ठरल्या. सुपरमॅन विरुद्ध हल्क त्यांतलीच एक. सुपरमॅन जिंकला.

"मतानं? ताकद का मतानं ठरते?"

मी म्हटलं, नोंद झाली आहे. मान्य नसेल तर हरकत घ्यायला १५ दिवस असतात.

"मंग लिहून घ्या. माही हरकत आहे."

तेवढ्यात लाइन आली, प्रिंटर घुरघुरला. त्यानं खरंच माझ्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि बाकड्यावर वाकून लिहायला बसला.